गावपळणीतलं मतदान

सुरंगपाटात एखाद्याचं मत कुणाला, असं विचारायची पद्धत नाही. राहतो कुठे, एवढं विचारलं की झालं. वरच्या वाडीतला असेल तर भाईचा, खालच्या वाडीतला असेल तर सर्वेशचा. भाई हा सर्वेशचा सख्खा काका. दोघांचं कशावरून फाटलं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही, पण त्यांच्याबरोबर गावही उभं फाटलं. लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसेल, देवळात कोण कुठल्या खांबाला टेकेल, सगळं ठरून गेलं. मोहल्ल्यातली घरं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तिथले लोक आपलं मत बोलून दाखवत नाहीत इतकंच. बाकीच्यांना बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

मतदानाला मात्र अख्खं गाव हजर. मुंबईची माणसं गाड्या भरून येतात. अंथरुणाला खिळलेल्यांना खुर्चीसकट उचलून नेतात. कोर्टात एकमेकांवर दावे लावलेले भाऊ एका रांगेत उभे राहतात आणि एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करतात. आसपासच्या गावांत सुरंगपाटच्या टक्केवारीचं नाव निघालं की लोक मान डोलावतात. त्या टक्केवारीला दरवेळी एक बारीकसं भोक असायचं, आणि त्या भोकाचं नाव मुनीर सुकाणी.

मुनीर मोहल्ल्याच्या शेवटच्या घरातला. मिसरूड फुटायच्या आत बोटीवर गेला आणि साठी उलटल्यावर उतरला. मालवाहू जहाजांवर सुकाणी होता, म्हणजे जहाजाचं चाक हातात धरणारा. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा अधिकार! तसं काही नसतं. शेजारी कप्तान उभा असतो. तो सांगतो, डावीकडे इतकं. सुकाणी तेच शब्द पुन्हा म्हणतो आणि तितकंच चाक फिरवतो. मुनीरने उमेदीची सगळी वर्षं असं दुसऱ्याचं बोलणं पुन्हा म्हणत जहाजं वळवण्यात घालवली, आणि त्याबद्दल त्याची कधी तक्रारही नव्हती.

एकदा एका परक्या बंदरात जहाज लागलं होतं, तेव्हा कठड्यावरून त्याला माणसांची रांग दिसली. भर उन्हात म्हातारेकोतारे, पोटुशा बाया, सगळे गुपचूप उभे. त्याला वाटलं धान्य वाटत असतील. सोबतच्या खलाशाने सांगितलं, मतं देतायत. एकेक माणूस पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचा आणि जरा वेळाने बाहेर यायचा. येताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच असायचं.

"आत कोण सांगूक नसता?" मुनीरने विचारलं.

"आत कोण कशाक येतलो?" खलाशी हसला.

जहाज सुटलं, ते बंदर मागे पडलं, पण आडोशामागची ती जागा मुनीरच्या डोक्यातून गेली नाही. चाकाशी उभा असताना तो कधीकधी तिथे जाऊन यायचा. चारी बाजूंनी पाणी, समोर काळोखी निळाई, कानात कप्तानाचा आवाज, आणि हा मनाने पुठ्ठ्यामागे एकटा उभा. तिथे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. कुणाला मत द्यायचं हाही प्रश्न नव्हता. तिथे कोणी सांगणारा नाही, एवढंच त्याला गोड वाटायचं.

गावात मतदान असायचं तेव्हा तो दुसऱ्याच कुठल्या समुद्रात. एकदा सुट्टीवर निघाला तर घरी पोचेपर्यंत पेट्या गेलेल्या. गावपळणीचंही तेच. दर तीन-चार वर्षांनी सुरंगपाटचा देव रवळनाथ कौल देतो आणि अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नाही, ढोर नाही, कोंबडं नाही, चूल नाही. वाड्या, मोहल्ला, बाजारपेठ, सगळ्यांना दारं ओढून निघावं लागतं. वेशीवरचा व्हाळ म्हणजे ओढा; त्याच्यापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालून लोक राहतात. देवाने परत कौल दिला की घरी. यात कुणाचा धर्म बघत नाहीत; मोहल्ल्याच्या खोपीही त्याच माळावर असतात, आणि तिथली बांग आणि इकडचं भजन एकमेकांना वाट देत चालतं. सरकारी माणूस, वाटसरू आणि पाखरं, एवढ्यांना मात्र हा नेम लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात.

मुनीरला गावपळण आठवायची ती लहानपणची. आई काखेत कोंबडी घेऊन पुढे, तो मागे, आणि मागे वळून बघितलं तर आपलंच घर अनोळखी. बोटीवर गेल्यावर एकही गावपळण त्याच्या वाट्याला आली नाही. गेल्या वर्षी तो कायमचा घरी आला तेव्हा बायकोला, फातिमाला म्हणाला होता, "आता दोनय गजाली करूच्यो. मत देवचा, आणि गावपळणीक जावचा."

आणि नशिबाने दोन्ही एकाच दिवशी आणून ठेवलं.

झालं असं की कौल आधी घेतला गेला आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची तारीख मागाहून जाहीर झाली. ती पडली नेमकी गावपळणीच्या मधल्या दिवशी. गाव धरून चाललं होतं की सरकार तारीख बदलेल. सरकार धरून चाललं होतं की गाव देवाला समजावेल. भाई ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आला. साहेब चांगलं बोलले, चहा दिला, तारीख काही दिली नाही. सर्वेशने गावकीचा मानकरी भिकाजी याला विचारलं, कौल पुन्हा लावून बघूया का? भिकाजीने असं काही बघितलं की सर्वेश पुढचे चार दिवस देवळाच्या बाजूला फिरकला नाही. काका-पुतणे दोघेही सरपंचपदाला उभे, दोघांनी गावभर पत्रकं वाटलेली, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी दोघेही डोक्यावर वळकटी घेऊन एकाच लाकडी साकवावरून व्हाळापलीकडे गेले.

मुनीरचं काय झालं ते त्याचं त्यालाच ठाऊक. फातिमाने इस्त्री करून ठेवलेला पांढरा सदरा त्याने घडी न मोडता गाठोड्यात घातला. तिने विचारलं, "ह्यो कित्याक?" तो म्हणाला, "आसांदे."

मतदानाचा दिवस उजाडला तो धुक्यात. माळावर चुलींचा धूर आणि धुकं यांत फरक कळत नव्हता. व्हाळाच्या अलीकडे सगळं गाव: खोकणारं, भांडणारं, चहाला साखर मागणारं. पलीकडे नुसती घरं. आवाज म्हणून नाही. उतारावरच्या शाळेत मतदान केंद्र होतं, तिचा पांढरा चौकोन धुक्यातून कधी दिसायचा, कधी विरघळायचा. मुनीर साकवाच्या कडेला दगडावर बसून बघत राहिला. खलाशी उतरून गेलेलं जहाज असावं तसं ते गाव त्याला वाटलं: दिवे नाहीत, भोंगा नाही, आणि तरी पाण्यावर सरळ उभं. आत कुठेतरी पुठ्ठ्याचा आडोसा मांडलेला असेल. त्याच्यामागे कोणी नसेल. आज तर खरंच कोणी सांगणारा नव्हता, आणि जाणाराही नव्हता.

दुपारी केंद्रावरची एक मुलगी साकवाशी आली. प्राजक्ता तिचं नाव, कणकवलीच्या शाळेत शिकवायची, निवडणुकीच्या कामाला धाडलेली. गावात चूल पेटत नाही, तर केंद्रावरच्या लोकांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून माळावरच्या बायकांनी त्यांचा डबा केला होता. फातिमाने बांगडा माशाचं तिखलं दिलं, मुनीरने साकवाच्या अलीकडच्या टोकाला उभं राहून डबा पुढे केला.

"कितके झाले?" त्याने विचारलं.

"एकही नाही, काका," प्राजक्ता म्हणाली. "सकाळपासून आम्ही पाचजण आणि एक कावळा. खूप विचित्र वाटतं हो. रस्त्यावर आपल्याच चपलांचा आवाज येतो."

"मगे काय जातला?"

"शून्यच राहिलं तर वरचे साहेब ठरवतील. चिठ्ठी टाकतील, पुन्हा मतदान घेतील, मला माहीत नाही. पण एकाने जरी मत दिलं ना, तर निकाल लागला! तेवढ्या एका मतावर सरपंच."

ती हसत हसत बोलली आणि डबा घेऊन गेली. तिला बिचारीला काय कल्पना, की व्हाळाच्या अलीकडे झावळीच्या कुडाच्या एका बाजूला भाईची माणसं पत्ते खेळत होती आणि दुसऱ्या बाजूला सर्वेशची माणसं झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

पाणी तापायला लागेल इतक्या वेळात ही बातमी माळभर झाली. एक मत! तोवर देवाच्या नेमाला बांधून घेतलेलं गाव एकदम उठून बसलं. देवाचं भय सगळ्यांना होतं; पण दुसऱ्या वाडीतल्या कुणालातरी ते आपल्यापेक्षा कमी असेल, याची खात्रीही सगळ्यांना होती. वरच्या वाडीने साकवाच्या उजव्या अंगाला चटया टाकल्या. खालच्या वाडीने डाव्या अंगाला टाकल्या. कोण उठतो, कोण धोतर सावरतो, कोण लघवीला म्हणून व्हाळाच्या फार जवळ जातो, यावर दोन्हीकडून पहारा. जांभई दिली तरी समोरचा सावध व्हायचा. निवडणुकीत गावाने इतकं लक्ष आजवर कधी घातलं नव्हतं, आणि मत देऊ नये म्हणून तर कधीच नाही.

मुनीर या सगळ्याच्या मधोमध दगडावर होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तोवर बरं होतं.

पहिला भाई आला. गुडघ्यावर हात टेकत शेजारी बसला.

"चाचा, मत देवची तुमची लय दिवसांची इच्छा, माका ठावक आसा."

मुनीर दगडावर जरा सरकला.

"मी काय म्हणतंय, तुमका खंयचो नेम? सरकारक लागत नाय, वाटसराक लागत नाय. तुमका काय लागाचा नाय. जावन येवा."

भाईच्या वडिलांनी कधीकाळी मुनीरला बोटीवर चिकटवून दिलं होतं. त्यामुळे मुनीरचं मत आपलंच, हे भाईने धरलेलं. तो उठून जातो तोच सर्वेश आला. त्याच्या होड्यांवर मुनीरचा मुलगा अरशद पर्यटकांना फिरवायचा. त्यामुळे मुनीरचं मत आपलंच, हे त्यानेही धरलेलं. बोलणं तेच, शब्दसुद्धा तेच. "चाचा, तुमका काय लागाचा नाय."

आणि मग कित्येक वर्षांत झालं नाही ते झालं. काका आणि पुतण्या एकमेकांसमोर आले, इकडचं तिकडचं न बोलता सरळ म्हणाले, मुनीरचाचाने जावं, आपली हरकत नाही. दोन्ही चटयांवरून माना हलल्या. गाव एकमताने एखादी गोष्ट ठरवतं आहे हे बघून बायका चुली सोडून आल्या. भिकाजीला बोलावलं. तो काठी टेकत आला, त्याने शाळेकडे बघितलं, मुनीरकडे बघितलं. त्याच्या मनात खोट नव्हती. लहानपणी दोघे एकाच झाडावरून व्हाळात उड्या मारायचे.

"जा रे मुनीर," तो म्हणाला. "मी देवाक सांगतंय. तुझी हौस तरी पुरी होवंदे."

 मुनीर खोपीत गेला, त्याने गाठोड्यातून सदरा काढला. बटणं फातिमाने लावली.  तो बाहेर आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं, व्हाळाचं पाणी सोनेरी दिसत होतं आणि पलीकडच्या घरांच्या भिंतींना हळदीसारखा रंग चढला होता. माणसं बाजूला सरकली. साकव त्याच्या पायाखाली किंचित हलला, बोटीची शिडी हलते तसा. त्याला वाटलं, आपण चालत नाही, पलीकडचं गावच हळूहळू आपल्याकडे येतं आहे. आडोसा आता दूर नव्हता. आत गेल्यावर बटणांवर काय काय चित्रं असतील? कुठलंही दाबावं. कुणाचं ऐकायचं नाही.

मागे भिकाजीने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. त्याचा आवाज अजून खणखणीत होता.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझी गावपळण आसा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"तुझो नेम मोडून एक माणूस वेशीच्या आत जाता हा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"तो आमच्यातलो न्हय, म्हाराजा. तो तुझ्या गावकीतलो न्हय, भायलो आसा. म्हणान ह्यो दोष तेका लावन घेव नको, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

सगळं गाव म्हणालं. वरची वाडी, खालची वाडी, बाया, पोरं, भाई, सर्वेश, सगळे एका सुरात. इतक्या मायेने म्हणाले, की बांध फुटल्यासारखा तो होकार मुनीरच्या पाठीवर येऊन आदळला.

तो साकवाच्या मध्यावर थांबला.

त्याला राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. रागाच्या भरात माणूस पलीकडे निघून जातो. त्याला फक्त आई दिसली, काखेत कोंबडी धरून हाच व्हाळ ओलांडणारी, पदर खोचलेली, मागे वळून त्याला 'चल, चल' म्हणणारी. तिला कोणी सांगितलं नव्हतं का, की तुला लागत नाही? मग ती कशाला निघायची घर सोडून? आणि तो स्वतः, परक्या बंदरांत कुणी गावाचं नाव विचारलं की 'सुरंगपाट' म्हणताना त्याची मान ताठ व्हायची. त्या सगळ्या वेळी तो वाटसरू होता की काय?

समोर शाळेच्या पायरीवर प्राजक्ता उभी राहिली होती. तिने हात हलवला. "या काका, वेळ आहे अजून!"

मुनीर वळला. साकवावरून परत आला. तो थेट भिकाजीसमोर जाऊन उभा राहिला.

"भिकाजी, गाऱ्हाणा मागे घे."

"घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येत नाय रे," भिकाजी गोंधळून म्हणाला. "जा मेल्या, वेळ जाता हा. तुका काय लागाचा नाय, सांगलंय मी देवाक."

"माका लागता," मुनीर म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण मागच्या चटईपर्यंत गेला. कुणाला ते पटकन कळलंच नाही. भाई म्हणाला, "अहो चाचा, पण..." सर्वेश पायाने माती उकरत राहिला. ज्यांनी सगळ्यात मोठ्याने होकार दिला होता ती माणसं आता खोपीच्या झावळ्या नीट करायला लागली. भिकाजी तेवढा जागचा हलला नाही. त्याने हातातला नारळ पुन्हा वर धरला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "मी चुकीचा बोललंय, म्हाराजा. ह्यो मुनीर आमचो आसा. तेका पण लागता."

या वेळी होकार लगेच आला नाही. आला तोही एकेक, इकडून तिकडून, आपापल्या तोंडाने.

साडेपाचला केंद्र बंद झालं. पाच माणसं सामान घेऊन गाडीत बसली. गाडी रिकाम्या बाजारपेठेतून, बंद दारांसमोरून, कुणालाही न उठवता निघून गेली. पुन्हा मतदान होईल की चिठ्ठी पडेल यावर माळावर वाद सुरू झाला, वरच्या वाडीचा आवाज एकीकडे, खालच्या वाडीचा दुसरीकडे, आणि गाव होतं तसं झालं.

मुनीर सदरा न बदलता खोपीच्या तोंडाशी बसला होता. फातिमा चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, पण ओठाला लावला नाही. व्हाळापलीकडे शाळेचा पांढरा चौकोन हळूहळू काळोखात जात होता, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मुनीरने नजर काढली नाही.

"अवो, वायट वाटता?" तिने विचारलं.

"वाटता," तो म्हणाला. "मत देवचा होता गो माका."